तेलाच्या आधीचे फूल

करडईच्या रानात उघड्या पायांनी कोणी शिरत नाही. पानांना काटे, बोंडांना काटे, आणि ऊन चढले की ते असे कडक होतात की बाहीला अडकले तर सूत ओढूनच निघतात. म्हणून करडईची काढणी पहाटेची. दवाने काटे मऊ पडलेले असतात तोवर हात चालवून घ्यायचा. ज्वारीच्या कडेने करडई पेरायची जुनी पद्धत होती, तीही या काट्यांसाठीच. जनावर आत घुसत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला कुंपण फुकटात मिळायचे, वर घाण्याचे तेल आणि कोवळ्या पानांची भाजी.

अशा पिकाच्या पाकळ्या वेचून त्यांचा चहा करायचा, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती शहरी हौस वाटली. पण ही गोष्ट रुजली फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्था, सगळ्यांच्या तोंडी ‘नारी’, ही 1968 साली बनबिहारी निंबकरांनी तिथे सुरू केली. निंबकर म्हणजे लेखिका जाई निंबकर यांचे पती आणि इरावती कर्व्यांचे जावई. एकाच बियाण्याला चिकटून बसण्याचा या संस्थेचा स्वभाव नाही. जुळी कोकरे देणारी मेंढी, गोड धाटांची ज्वारी, विजेवरची रिक्षा, सुधारित कंदील असे सगळे तिथे होऊन गेले आहे. त्या गर्दीत करडईवरचे काम मात्र चिवटपणे चालू राहिले.

तेलाचे पीक म्हणून आपण करडई ओळखतो, पण तिच्या शास्त्रीय नावातले ‘टिंक्टोरियस’ म्हणजे रंगाऱ्यांचे. माणसाने हिला जवळ केले ते मुख्यतः रंगासाठी. इजिप्तमधल्या प्रेतांना गुंडाळलेल्या कापडात हा रंग सापडला आहे. संस्कृतातला ‘कुसुंभ’ हाच, आणि आपल्याकडची कुसुंबी छटाही त्यातलीच. इंग्रज सरकारी कागदपत्रे ज्या लाल फितीने बांधत, तीही करडईच्या फुलाने रंगवत. बंगालमधून हे वाळके फूल गाठोड्या भरून इंग्लंडला जाई. 1856 मध्ये पर्किनने प्रयोगशाळेत जांभळा रंग काढला, त्यामागून रासायनिक रंगांची रीघ लागली आणि फुलाचा बाजार बसला. बी उरले, म्हणून तेल उरले. परभणी-कुसुम, फुले कुसुमा या वाणांच्या नावांत तेवढे ते फूल अजून शिल्लक आहे.

पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात लगेच विरघळणारा. तांबडा अगदी थोडा, शंभर भागांत एक भागही भरत नाही, आणि साध्या पाण्याला तो दाद देत नाही. हे घरी पाहता येते. मूठभर पाकळ्या फडक्यात बांधून नळाखाली पिळत राहा. पाणी हळदीसारखे निघते. पुष्कळ वेळ धुतल्यावर ते फिके पडते. मग तीच पुरचुंडी पापडखाराच्या पाण्यात भिजवा. पाणी मळकट तपकिरी होते, काही चुकले असे वाटते. त्यात लिंबू पिळत गेले की फेस येतो आणि बघता बघता तांबूस झाक उमटते. त्यात बुडवलेली सुती चिंधी गुलाबी होऊन निघते. जपानात यामागाताकडचे लोक हा तांबडा रंग शतकानुशतके असाच काढत आले, फक्त आपल्या पापडखाराच्या जागी त्यांच्याकडे राखेचे पाणी. तिथल्या बायकांची ओठांची लाली त्यातूनच होई.

स्वयंपाकघरात कामाचा तो पिवळा. चिमूटभर पाकळ्या कोमट दुधात टाकल्या की पाच मिनिटांत रंग उतरतो, आणि शिजवल्यावरही बऱ्यापैकी टिकतो. तांबडा उन्हात आणि उष्णतेत मरतो, त्याच्या नादी लागू नये. मी साखरभातात पिवळा वापरून पाहिला. रंग आला, केशर आले नाही. वास जवळजवळ नाहीच. चहाचेही तेच. चहा म्हणायचे ते सवयीने, त्यात पत्ती नसते. गरम पाण्यात पाकळ्या, दोन-चार मिनिटे, गाळून घ्यायचे. सोनेरी पेय, चव वाळल्या गवतासारखी, किंचित कडसर. आले-गवती चहा घातला तर बरे लागते. नुसते प्यायला लोक का धावतील हे मला तरी सांगता येणार नाही.

धावले तरी अडचण रानातच आहे. फूल आधी पिवळे-केशरी असते, कोमेजताना लालसर होते. ताजे खुडले तर बी भरण्याची काळजी, म्हणून कोमेजल्यावर वेचायचे. एकेका बोंडावरच्या त्या बारीक नळ्या चिमटीत धरून ओढायच्या, काट्यांमधून. दिवसभर वाकून जे जमते ते वाळले की काहीच भरत नाही. मजुरीच पाकळ्यांच्या पुढे जाते.

फलटणने या गाठीला दोन्ही बाजूंनी हात घातला. एकीकडे काटेच काढले. ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण आणि 2001 मधला ‘नारी-एनएच-1’ हा बिनकाट्याचा संकर. दुसरीकडे पाठीवर अडकवायचे यंत्र केले, जे हवेच्या ओढीने बोंडावरच्या पाकळ्या खेचून घेते. झाडूऐवजी पंप हाती यावा, तसे. मला हे यंत्र चहापेक्षा मोठे वाटते. पाकळीचा औषधी बडेजाव सांगणारे पुष्कळ भेटतात, ती वेचणाऱ्या बाईच्या कमरेचा आणि बोटांचा विचार करणारे कमी.

बाजारात मात्र हीच पाकळी बहुतेक वेळा नाव बदलून येते. परदेशी बाजारांत ती पर्यटकांच्या गळ्यात केशर म्हणून मारतात, आपल्याकडेही मारतात. ओळखायला सोपे आहे. केशराची काडी एका टोकाला रुंदावत गेलेली, तुतारीसारखी असते. करडईची नळी बारीक, टोकाला पाच फाटे. पाण्यात टाकल्यावर केशर सावकाश रंग सोडते, काडी तांबडीच राहते. करडई घाईत पिवळी होते. आणि नाक आहेच.

चीनमध्ये हे फूल रक्त वाहते करणारे औषध म्हणून देतात. म्हणून गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हा चहा घेऊ नये. बाकीच्यांनी पाकिटावर ‘करडई’ असे सरळ लिहिलेले असेल तर खुशाल घ्यावे. ‘केशर’ लिहून आत करडई निघाली तर त्याच दिवशी दुकानदाराला परत नेऊन द्यावे.