राष्ट्रपती झालेले शिक्षक

'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी उर्दूतून वाचली असेल. लांडग्याशी रात्रभर झुंजणारी चाँदनी आठवते ना? ती गोष्ट लिहिणारे डॉ. झाकिर हुसेन पुढे भारताचे तिसरे राष्ट्रपती झाले.

त्यांचे घराणे अफ्रिदी पठाणांचे. पूर्वज उत्तर प्रदेशातील कायमगंज येथे स्थायिक झाले होते. वडील फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादला आले. निजामाचे ते राज्य म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याचा शेजार! तेथे ८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाकिर यांचा जन्म झाला. सात भावांत ते तिसरे. १९०७ मध्ये वडील वारले आणि आई मुलांना घेऊन कायमगंजला परतली. १९११ च्या प्लेगमध्ये तीही गेली. चौदा वर्षांचा झाकिर तेव्हा घरापासून दूर, इटाव्याच्या शाळेत शिकत होता.

१९२० मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी अलीगढचे कॉलेज सोडले. त्याच वर्षी जामिया मिल्लिया ही राष्ट्रीय संस्था निघाली. मग बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण १९२६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी पैशांची चणचण असलेली जामिया सांभाळायला घेतली. ती त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. मुलांना हस्तोद्योगातून शिकवावे आणि मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा, असा त्यांचा विचार होता. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माग असेल. ताण्यात धागे किती, सूत किती लागले, चादर केवढ्याला पडली, हा हिशेब म्हणजे गणितच की! हा भाग झाकिर हुसेन यांना पटत होता. पण कमाईवर फार भर दिला, तर शिक्षक मुलांना गुलामांसारखे राबवतील, अशी भीती त्यांनी भर सभेत बोलून दाखवली. गांधीजींसमोर असे बोलणे सोपे नव्हते. माझ्या मते, त्यांच्यातला खरा शिक्षक येथेच दिसतो.

गांधीजी रागावले का? मुळीच नाही. योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडेच आले! सात ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून, असे या योजनेत सांगितले होते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगासाठी ठेवली होती. मात्र मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याचा धोका समितीने अहवालातही नमूद केला.

पुढे ते बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर दिल्लीत, जामियाच्या आवारात आहे.