वाघ बन्नेरघट्ट्याचा, फोटो कुठला?

के. आर. पुरम, व्हाइटफिल्ड या बंगळुरूच्या पूर्वेकडच्या भागांत नोकरीपायी स्थिरावलेल्या मराठी घरांत गावाकडचे पाहुणे आले की लालबाग, म्हैसूर आणि बन्नेरघट्टा ही ठिकाणे जवळपास ठरलेली असतात. बन्नेरघट्टा शहराच्या दक्षिणेला, म्हणजे अर्धा दिवस रहदारीतच जातो. तरी जाळीच्या खिडक्यांच्या सफारी बसमधून सिंह, वाघ, अस्वले इतक्या जवळून दिसतात की ते सारे कष्ट वसूल होतात. संध्याकाळी ते फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतात आणि खाली ओळ असते, ‘जंगलाचा राजा’. खटकते ती ही ओळ. प्राणिसंग्रहालयातला फोटो जंगलातल्या फोटोपेक्षा हलका असतो असे मानायचे कारण नाही. तो कुठला आहे हे दडवले, की मात्र त्याची किंमत उतरते.

इथे जाळी पुसणे आणि ठिकाण पुसणे यांत फरक करायला हवा. जाळी पुसणे हे निव्वळ कसब आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवली, झूम लांबवला, अॅपर्चर मोठे ठेवले आणि प्राणी जाळीपासून बराच मागे असला, तर तारा इतक्या धूसर होतात की फोटोत उरतच नाहीत. उन्हात चमकणारी जाळी चित्रभर पांढुरका पडदा पसरवते, म्हणून सावलीतला भाग निवडायचा. मोबाइलची लेन्स लहान असल्याने ती दोन तारांच्या मधल्या फटीतच बसते. फ्लॅश बंदच हवा, कारण त्याचा उजेड आधी जाळीवर किंवा काचेवर आपटून परत येतो. हाका मारून, टाळ्या वाजवून वाघाची मान वळवणे मात्र कसबात बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 38-जे कलमाने प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना छेडणे, खायला घालणे, आवाजाने त्रास देणे यांवर बंदी आहे. एवढे पाळून कोणी जाळी नाहीशी केली, तर त्यात फसवणूक कसली?

फसवणूक सुरू होते ती पुढे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या नामांकित स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च मान मिळाला, आणि तो लांडगा बहुधा स्पेनमधल्या एका प्राणी उद्यानातला माणसाळलेला असावा असे ठरल्यावर जानेवारी 2010 मध्ये तो मान काढून घेतला गेला. चित्रातला एक ठिपकाही बदलला नव्हता. बदलला तो त्याचा अर्थ. पांढऱ्या वाघाचे घ्या. भारतात रानातला पांढरा वाघ 1958 नंतर नोंदलेला नाही, आणि आजच्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ 1951 साली रीवाच्या रानात पकडलेल्या ‘मोहन’चे वंशज. नात्यातल्या नात्यात प्रजनन करून टिकवलेला हा रंग ‘दुर्मिळ जंगली वैभव’ म्हणून मिरवला, की फोटो थेट खोटे बोलतो. अस्वलांची गोष्ट याहून बोलकी आहे. नाकात दोरी ओवून रस्त्यावर नाचवल्या जाणाऱ्या अस्वलांना सोडवून ठेवण्यासाठी बन्नेरघट्ट्यातच एक केंद्र आहे. अशा अस्वलाच्या नाकावर दोरीची खूण राहते. ठिकाण लिहिले नाही, तर ती खूण पाहणाऱ्याला साधी जखम वाटेल आणि फोटोतली सर्वांत मोलाची गोष्ट वाया जाईल.

यावर कोणी म्हणेल, मामा-मावशींच्या ग्रुपवर एवढी काटेकोरी कशाला, स्पर्धा थोडीच आहे? पण चित्राच्या भोवतीचा संदर्भ समज घडवतो, हे शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी चिंपांझींच्या बाबतीत दाखवले आहे: माणसाशेजारी उभ्या चिंपांझीचा फोटो पाहिलेल्यांना त्याची रानातली संख्या सुरक्षित वाटण्याची शक्यता वाढली. आपल्याकडचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. वाघाचा चेहरा चौकटभर पाहायची सवय लागलेला पर्यटक ताडोब्यात किंवा बंदीपूरला गेला, की शंभर फुटांवरच्या झाडीतला पट्टा त्याला पुरत नाही. मग जिप्सी अजून पुढे घेण्यासाठी चालकामागे लकडा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोंडलेल्या प्राण्याचे सुंदर फोटो काढून आपण कोंडण्यालाच शोभा आणत नाही का? काही अंशी आणतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच ठिकाण लिहिणे गरजेचे ठरते, म्हणजे पाहणाऱ्याला निदान तो प्रश्न तरी पडतो. शिवाय असे फोटो कधी एकमेव पुरावा ठरतात. क्वागा या झेब्र्याच्या नामशेष जातभाईचे जिवंतपणीचे ज्ञात फोटो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीचे आहेत, आणि टास्मानियाचा थायलसीन हलताना दिसतो तो प्राणिसंग्रहालयांतल्या चित्रफितींतच; त्या जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी होबार्टला 1936 मध्ये मेला. कुठला, कोणता, केव्हाचा हे ठाऊक असल्यामुळेच ही चित्रे अभ्यासाला उपयोगी पडतात.

मोबाइल ठिकाणाची नोंद फोटोसोबत ठेवतो, मग लिहायचे कशाला, असेही कोणी विचारेल. पण व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ती नोंद गळून पडते. ‘अस्वल, बन्नेरघट्टा’ हे दोन शब्द हातानेच टाइप करावे लागतात.