कोल्हा कोणाच्या मालकीचा?

सन १८०५ मध्यें न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टापुढें एक मोठा गमतीचा खटला चालला. पोस्ट नांवाचा एक गृहस्थ आपले शिकारी कुत्रे घेऊन समुद्रकांठच्या ओसाड, बेवारशी जमिनीवर एका कोल्ह्याच्या पाठीस लागला होता. कोल्हा आतां हातीं लागणार, इतक्यांत पीयर्सन नांवाच्या दुसऱ्या गृहस्थानें मध्येंच येऊन त्यास ठार केलें व उचलून नेलें. पाठलाग एकाचा आणि शिकार दुसऱ्याची. मग कोल्हा कोणाचा? न्यायालयानें बहुमतानें पीयर्सनच्या बाजूनें निकाल दिला. नुसत्या पाठलागानें वन्य पशूवर मालकी उत्पन्न होत नाहीं, असें बहुमताचें म्हणणें पडलें. न्यायमूर्ति लिव्हिंग्स्टन यांनीं मात्र विरुद्ध मत नोंदविलें. कोल्हा हा उपद्रवी प्राणी. त्याची शिकार करणाऱ्यास कायद्यानें उत्तेजन दिलें पाहिजे, असा त्यांचा रोख होता.

हा कोल्हा विस्मृतींत गेला नाहीं. तो अमेरिकेंतील कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला, आणि १९९३ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अगदीं निराळ्याच मंडळींपुढें उभा राहिला. ही मंडळी ‘कृत्रिम बुद्धि आणि कायदा’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठीं जमलेली होती. संगणकास कायदा समजेल काय, समजल्यास त्यास युक्तिवाद करतां येईल काय, आणि तोही साधल्यास त्याच्या निर्णयास न्याय म्हणावें काय, या प्रश्नांचा खल करण्यासाठीं संगणकशास्त्रज्ञ व कायदेपंडित दर दोन वर्षांनीं एकत्र येतात. पहिली परिषद १९८७ च्या मे महिन्यांत बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठांत भरली. पुढें व्हँकुव्हर, ऑक्सफर्ड, मेलबर्न, ऑस्लो, बोलोन्या अशी ही वारी चालत राहिली आणि २०२५ सालीं ती शिकागोस पोंचली. नेदरलंड्समधील ‘युरिक्स’ ही संस्थाही १९८८ पासून आपली स्वतंत्र परिषद दरवर्षीं भरवीत आली आहे.

आरंभीं या मंडळींचा भरंवसा नियमांवर होता. कायदा म्हणजे अखेर ‘अमुक असेल तर तमुक’ अशा वाक्यांचीच मालिका; तीं वाक्यें तर्कशास्त्राच्या भाषेंत मांडलीं कीं काम झालें, असें वाटणें स्वाभाविक होतें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील मंडळींनीं १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्वाचा कायदा याच रीतीनें संगणकास शिकविला व त्याचें वर्णन १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. काम पुष्कळसें साधलें. पण याच कायद्यांत टाकून दिलेल्या तान्ह्या मुलासंबंधानें एक कलम आहे. असें मूल ब्रिटनमध्यें सांपडलें, तर ‘विरुद्ध सिद्ध न झाल्यास’ तें तेथेंच योग्य आईबापांच्या पोटीं जन्मलें असें मानावें, असा त्याचा आशय. आतां ‘विरुद्ध सिद्ध झालें नाहीं’ हें संगणकानें केव्हां ठरवावें? आज पुरावा नाहीं म्हणून नागरिकत्व दिलें आणि उद्यां आई प्रगट झाली, तर काय? वकिलास यांत कांहींच नवल वाटत नाहीं. तर्कशास्त्रज्ञास मात्र येथें घाम फुटतो.

दुसरी अडचण शब्दांची. ‘बागेंत वाहन आणूं नये’ हा नियम घेऊन हार्ट या ऑक्सफर्डच्या कायदेपंडितानें १९५८ सालींच ती दाखवून दिली होती. मोटारीस मनाई आहे हें उघड. पण पायांत चाकांचे बूट घालून आलेल्या मुलाचें काय? पोराच्या हातांतील खेळण्याच्या मोटारीचें काय? शब्दाचा मध्यभाग लख्ख असतो, कडा अंधुक असतात, आणि न्यायालयांत येणारे अवघड खटले नेमके त्या कडेवरचे असतात.

म्हणून दुसऱ्या पक्षानें नियम बाजूस ठेवून दाखल्यांची वाट धरली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत एडविना रिसलंड आणि केव्हिन ॲश्ली यांनीं व्यापारी गुपितांच्या खटल्यांसाठीं ‘हायपो’ नांवाची संगणकीय रचना उभारली. जुना निकाल पुढें करावयाचा, प्रतिपक्षानें ‘तो खटला निराळा’ म्हणून त्यांतील भेद दाखवावयाचा, मग पहिल्यानें त्यास उत्तर द्यावयाचें, हा वकिलांचा नित्याचा डाव तिला खेळतां येत असे. कोणीही बार रूममध्यें अर्धा तास बसला असेल, तर त्यास हा खेळ ओळखीचा वाटेल.

ॲम्स्टरडॅमला कोल्हा आणला तो याच पक्षाची उणीव दाखविण्यासाठीं. आणणारे होते नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतीलच कायद्याचे प्राध्यापक डोनल्ड बर्मन आणि संगणकशास्त्रज्ञ कॅरल हाफ्नर. त्यांनीं कोल्ह्याच्या जोडीस दोन इंग्रजी खटले घेतले. पहिल्यांत एका जमीनमालकानें तळ्यावर बदकें पकडण्याची सोय केली होती. शेजाऱ्यानें मुद्दाम बंदुकीचे बार काढून तीं उडवून लावलीं. बदकें हातांत आलेलीं नव्हतीं, तरीही निकाल तळेवाल्याच्या बाजूनें लागला. दुसऱ्यांत कोळ्यांचें जाळें माशांभोंवतीं जवळजवळ मिटत आलें असतां दुसरा कोळी उरलेल्या फटींतून आंत शिरला आणि मासे घेऊन गेला. तेथें जाळेंवाला हरला. नुसतीं साम्यें मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनें तिन्ही खटले एकच होत, कारण कोणाच्याच हातीं जनावर आलेलें नव्हतें. निकाल निराळे लागले, त्याचें कारण न्यायाधीशाच्या मनांतील हेतु होय. उदरनिर्वाहाच्या धंद्यास संरक्षण द्यावें, पण प्रामाणिक चढाओढ मारूं नये, आणि भांडणें कमी होतील असा स्पष्ट नियम ठेवावा, या तीन हेतूंची ओढाताण त्या निकालांत आहे. ही ओढाताण यंत्रास सांगितल्यावांचून दाखल्यांचा ढीग व्यर्थ आहे, असें या दोघांचें प्रतिपादन होतें. पुढील अनेक वर्षें या परिषदांतून कोल्हा, बदकें आणि मासे हलले नाहींत. बाहेरच्या माणसास हें पोरकट वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः या क्षेत्रांतील सर्वांत खोल चर्चा त्यांच्याच निमित्तानें झाली.

त्यानंतर वारें फिरलें. नियमही नको, हेतूही नको. लक्षावधि निकालपत्रें यंत्रापुढें ओतावीं आणि त्यानें शब्दांच्या वारंवारतेवरून शिकावें, अशी पद्धति रूढ झाली. २०१६ सालीं कांहीं संशोधकांनीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या ५८४ खटल्यांचे निकाल शेंकडा ७९ अचूकतेनें ओळखल्याचें जाहीर केलें, आणि वृत्तपत्रांतून ‘यांत्रिक न्यायाधीशा’ची हवा झाली. त्यावर टीकाकारांनीं एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. यंत्रास दिलेली हकीगत ही न्यायाधीशांनीं निकाल ठरविल्यावर लिहिलेल्या निकालपत्रांतूनच काढलेली होती. ज्यास निकाल ठाऊक आहे, त्याच्या सांगण्यांत तो आधींच डोकावत असतो.

आजचीं भाषायंत्रें तर ओघवती भाषा लिहितात आणि तेंच त्यांचें भय आहे. २०२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें दोन वकिलांनीं अशा यंत्राकडून दाखले मागविले व पडताळा न पाहतां न्यायालयांत सादर केले. त्यांपैकीं कित्येक खटले कधीं झालेच नव्हते! न्यायालयानें पांच हजार डॉलर दंड केला. ‘हायपो’ची समज तोकडी होती, पण आपला दाखला कोठून आला, हें तिला नेमकें सांगतां येत असे.

हिंदुस्थानांतही हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भाषांतरासाठीं ‘सुवास’ नांवाचें साधन हातीं घेतलें. त्यांत मराठीचा अंतर्भाव आहे. २०२१ च्या एप्रिलांत नागपूरचे शरद बोबडे हे सरन्यायाधीश असतांना ‘सुपेस’ सुरू झालें, तें कागदपत्रांची जुळवाजुळव करण्यापुरतें. निर्णय माणसाकडेच राहील असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. केरळच्या उच्च न्यायालयानें २०२५ सालीं जिल्हा न्यायालयांसाठीं धोरणच आंखून निर्णयाच्या कामीं यंत्राचा उपयोग करण्यास मनाई केली.

२०२३ ची परिषद पोर्तुगालमध्यें ब्रागा येथें भरली, तेव्हां खरगपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील संशोधकांनीं भारतीय न्यायालयांच्या कागदपत्रांवर शिकविलेलें भाषायंत्र पुढें मांडलें. काम मोलाचें आहे. परंतु तो सर्व मजकूर इंग्रजी आहे. महाराष्ट्रांतील तालुक्याच्या न्यायालयांत साक्षीदार ‘वहिवाट’ म्हणतो, ‘कूळ’ म्हणतो, ‘बांध कोरला’ म्हणतो. यांपैकीं एकेका शब्दावर दोन दोन पिढ्यांचे दावे उभे असतात, आणि तो शब्द यंत्रापर्यंत पोंचतो, तेव्हां त्याचें इंग्रजी आधींच दुसऱ्या कोणीतरी ठरविलेलें असतें.