शंभर लिटरचा समुद्र

चोवीस इंच लांब, सोळा इंच रुंद, सोळा इंच उंच. एवढ्या काचेच्या टाकीत साधारण 100 लिटर खारं पाणी मावतं. प्रवाळ आणि दगड मांडले की झाला घरचा रीफ टँक. त्यात मोरे ईल हवी असं अनेकांना वाटतं आणि बहुतेकांची नजर स्नोफ्लेक ईलवर जाते. पांढरट अंगावर काळी नक्षी, पिवळे ठिपके, स्वभावाने शांत. पण ती 75 सेंटिमीटरपर्यंत सहज वाढते, म्हणजे टाकीपेक्षाही लांब.

लांबी निदान डोळ्यांना दिसते. खरा प्रश्न पाण्याचा आहे. जगातल्या समुद्रांत सुमारे 133 कोटी घनकिलोमीटर पाणी आहे आणि एका घनकिलोमीटरमध्ये एक लाख कोटी लिटर. समुद्र आपल्या टाकीच्या किती पट? 133 लिहून पुढे 17 शून्यं द्या. विक्रीला येणाऱ्या मोरे ईल जवळजवळ सगळ्या या पाण्यातूनच पकडून आणलेल्या असतात.

उन्हाळ्यात पंख्याखालच्या उघड्या टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी उडून जातं. मीठ मात्र मागेच राहतं. तीन दिवस दुर्लक्ष झालं की लिटरमागे 35 ग्रॅम असलेलं मीठ 36 वर जातं. एक ग्रॅमचं काय एवढं? समुद्राची सरासरी खोली सुमारे 3,700 मीटर आहे. त्याचे तीन टक्के उडवायचे तर पाणी 110 मीटर खाली जायला हवं. असं खरंच घडलं होतं, सुमारे 20,000 वर्षांपूर्वीच्या हिमयुगात. पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसलं आणि समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली गेला. बॉम्बे हायच्या तेलविहिरींखालचा तळ तेव्हा कोरडी जमीन होता. ते पाणी परतायला दहा हजारांहून अधिक वर्षं लागली. आपण तीन लिटर आरओचं पाणी एकदम ओततो आणि हिमयुग मिनिटभरात संपवतो. म्हणून थेंबाथेंबाने भर घालणारा ऑटो टॉप-अप मला चैनीची वस्तू वाटत नाही.

प्राणवायूचा हिशेब तर याहून तंग. 25 अंश तापमानाला लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. अख्ख्या टाकीत मिळून एक ग्रॅमसुद्धा नाही! एवढा प्राणवायू अडीच लिटर हवेत असतो आणि तेवढी हवा आपण शांत बसलेलो असताना पाच श्वासांत आत घेतो. पंप चालू आहे तोवर हवेतून भरपाई होत राहते. भारनियमनात तो थांबला की ईल, मासे, प्रवाळ आणि कोट्यवधी जिवाणू या पाच श्वासांचे वाटेकरी होतात. ईल तोंड सारखं उघडते-मिटते ते रागाने नव्हे, कल्ल्यांवरून पाणी फिरवण्यासाठी.

आता तिचं जेवण. चिमट्यात कोळंबी धरून दगडाजवळ न्यावी. ईल आधी वासावर डोकं हलवत राहते, मग झडप घालते. घशातला दुसरा जबडा पुढे येऊन घास आत ओढतो. मोरेंची ही करामत 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. दहा ग्रॅम कोळंबीत सुमारे दोन ग्रॅम प्रथिनं, त्यांत 0.3 ग्रॅम नत्र. काही नत्र अंगी लागतो, बाकीचा पाण्यात येतो. सगळाच आला असं धरलं तर जिवाणू त्याचं 1.4 ग्रॅम नायट्रेट करतात, म्हणजे टाकीत लिटरमागे 14 मिलिग्रॅम. प्रवाळांच्या समुद्रात ते सहसा एक मिलिग्रॅमच्याही बरंच खाली असतं. एका कोळंबीचं नायट्रेट लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमवर आणायला 14,000 लिटर पाणी लागेल, म्हणजे अशा 140 टाक्या.

स्नोफ्लेकला म्हणूनच 200 लिटरच्या खाली ठेवू नये आणि झाकणात बोटभरही फट नको. 100 लिटरच असतील तर गोल्डन ड्वार्फ मोरे पाहावी. ती जेमतेम 25 सेंटिमीटरची, स्नोफ्लेकच्या एक तृतीयांश. अंगाची ठेवण सारखी धरली तर लांबी तिप्पट झाली की वजन सत्तावीसपट होतं, आणि भूकही बरीच वाढते, अगदी त्याच पटीने नसली तरी.