एका चित्रपटगृहाचा शतकभराचा प्रवास

शहराच्या अर्थव्यवस्थेतील बदलांचे पडसाद कारखान्यांप्रमाणेच करमणुकीच्या वास्तूंवरही उमटतात. कोलकात्यातील 'एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस' हे याचे बोलके उदाहरण होय.

नाट्यव्यवसायातून पुढे आलेले पारशी उद्योजक जमशेदजी फ्रामजी मादन यांनी 1902 मध्ये कोलकात्याच्या मैदानावर तंबूत बायोस्कोपचे खेळ सुरू केले. कायमस्वरूपी वास्तूमुळे असे खेळ वर्षभर नियमितपणे करणे शक्य होणार होते. चौरंगी परिसरात 1907 मध्ये उभे राहिलेले एल्फिन्स्टन हे भारतातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह मानले जाते. पुढे मादन थिएटर्सने निर्मिती, वितरण व प्रदर्शन हे तिन्ही टप्पे एकाच व्यवस्थापनाखाली आणले. 1920 च्या दशकाअखेर भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथे मिळून कंपनीची शंभराहून अधिक चित्रपटगृहे होती. तथापि, 1931 मध्ये बोलपटांचे युग सुरू झाले. ध्वनियंत्रणेसाठी प्रत्येक ठिकाणी नवे भांडवल लागू लागले आणि या साम्राज्यास ओहोटी लागली.

वास्तू मात्र टिकून राहिली. आधी 'मिनर्व्हा' आणि 1980 च्या दशकातील नूतनीकरणानंतर 'चॅप्लिन' या नावाने ती ओळखली गेली. अखेर 2013 मध्ये ती पाडण्यात आली.

एकपडदा चित्रपटगृहांची कोंडी

अशा चित्रपटगृहांत आसने अनेक, परंतु पडदा एकच असतो. चित्रपट चालला नाही, तरी वीज, वेतन व देखभाल यांचा खर्च टळत नाही. 1997 मध्ये दिल्लीतील साकेत येथे 'पीव्हीआर अनुपम' हे बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले. लहान प्रेक्षागृहांत अनेक चित्रपट दाखवून जोखीम विभागणे त्यामुळे शक्य झाले. दुसरीकडे, मोक्याच्या जागेचे मूल्य तिकीटविक्रीच्या उत्पन्नाहून कितीतरी अधिक वाढले.

करमणूक कर हा राज्यसूचीतील विषय (नोंद 62) होता. 101 व्या घटनादुरुस्तीनंतर (2016) तो केवळ स्थानिक संस्थांनी आकारावयाच्या करापुरता उरला आणि 1 जुलै 2017 पासून तिकिटावर वस्तू व सेवा कर लागू झाला. सप्टेंबर 2025 मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील दर 12 वरून 5 टक्के करण्यात आला.

मुंबईतील रीगल (1933) व इरॉस (1938) यांचा समावेश असलेला वास्तुसमूह 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदला गेला. बंद पडलेले इरॉस 2024 मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरूही झाले. वारसा दर्जामुळे वास्तूला संरक्षण मिळते. परंतु अल्प उत्पन्न गटाला परवडणारे पुढच्या रांगेतील आसन केवळ त्या दर्जाने टिकत नाही. त्यासाठी करआकारणी, जमीनवापर व वारसा संवर्धन या तिन्ही धोरणांचा मेळ घालणे आवश्यक आहे.