जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा पडदा: समज आणि वस्तुस्थिती

फोकल-प्लेन शटर म्हणजे फिल्मच्या अगदी पुढ्यात बसवलेली दोन पडद्यांची यंत्रणा. बटण दाबताच पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच्यामागून येऊन ती झाकतो. जुने कॅमेरे जमवणाऱ्यांमध्ये या पडद्यांबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: कापडी पडदा जुनाट, स्वस्त आणि नाजूक, धातूचा पडदा आधुनिक, वेगवान आणि टिकाऊ. कॅमेऱ्याची किंमतही पुष्कळदा या समजावर ठरते. प्रत्यक्षात पडदा कोणत्या दिशेने धावतो, आज कोणत्या अवस्थेत आहे आणि आजवर कसा सांभाळला गेला, या तीन गोष्टींना त्याच्या पदार्थापेक्षा जास्त महत्त्व आहे.

मुळात प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यात पडदा असतोच असे नाही. भारतात अनेक घरांतून आढळणारा आग्फा क्लिक-३, तसेच रोलायफ्लेक्स किंवा याशिका-मॅट यांसारखे दोन भिंगांचे कॅमेरे यांचे शटर लेन्सपाशीच असते आणि ते धातूच्या एका किंवा अनेक छोट्या पात्यांचे बनलेले असते. अशा कॅमेऱ्याची पाठ उघडून पडदा शोधण्यात अर्थ नाही. ३५ मिमी फिल्मचे बहुतेक एसएलआर (आरशातून लेन्सचेच दृश्य दाखवणारे कॅमेरे) आणि लेन्स बदलता येणारे बहुतेक रेंजफाइंडर (आरसा नसलेले, वेगळ्या खिडकीतून पाहायचे कॅमेरे) मात्र पडद्यावर चालतात.

‘कापड’ या शब्दाने इथे दिशाभूल होते. हा पडदा रेशमाच्या किंवा सुताच्या तलम विणीवर रबराचा थर चढवून तयार केलेला असतो. ताण सोसायचे काम वीण करते, प्रकाश अडवायचे काम रबर करते. म्हणूनच जुना पडदा सहसा फाटत नाही. वीण शाबूत असतानाच रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून प्रकाश आत शिरतो.

कापड आधी आणि धातू नंतर, हा क्रमही फसवा आहे. लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला तो रबरी कापडाचा, आडवा धावणारा पडदा घेऊन. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९३२ मध्ये, झाइस आयकॉनने कॉन्टॅक्स बाजारात आणला. त्याचा पडदा पितळी पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला होता आणि दुकानाच्या शटरसारखा उभा सरकत होता. म्हणजे धातूचा पडदा जवळजवळ लायकाच्या बरोबरीनेच आलेला आहे. उलट लायकाने कापड सोडले नाही. १९५४ च्या एम-३ मध्ये ते होते, २००३ च्या एमपीमध्ये होते आणि २०१४ च्या पूर्णपणे यांत्रिक एम-ए मध्येही आहे. या एम मालिकेत धातूची पाती आली ती २००६ च्या एम-८ या डिजिटल कॅमेऱ्यात. हे कॅमेरे स्वस्त कधीच नव्हते, तेव्हा कापड हे काटकसरीचे लक्षण मानता येत नाही.

धातू म्हणजे टिकाऊ, या समजाला सर्वांत बोलके उत्तर कॉन्टॅक्सच देतो. त्याच्या पितळी पट्ट्या आजही उत्तम स्थितीत सापडतात, पण पडदा बंद पडलेला असतो, कारण त्या पट्ट्यांना धरून ठेवणाऱ्या रेशमी फिती झिजून तुटलेल्या असतात. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाकडे गेली आणि तिच्यावर कीव्ह शहरातल्या आर्सेनाल कारखान्यात कीव्ह कॅमेरे तयार होऊ लागले. त्यांनीही तीच रचना घेतली आणि तिच्याबरोबर फितींचे दुखणेही घेतले. एकंदर यंत्रणेचे आयुष्य तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या भागाएवढेच असते, हे कीव्ह हातात घेतल्यावर लगेच कळते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅननने आपल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत कापडाच्या जागी स्टेनलेस स्टीलचा अत्यंत पातळ पत्रा आणला. कॅनन पी आणि कॅनन ७ यांचे पडदे याच प्रकारचे आहेत. हे कॅमेरे आज बहुधा सुरकुत्या पडलेल्या पडद्यासह मिळतात. कधीतरी कुणाचे बोट लागलेले असते. सुरकुती दिसली की कॅमेरा निकामी, असे समजून अनेक जण तो परत ठेवतात. पडदा कुठे अडकत नसेल, त्यातून प्रकाश येत नसेल आणि वेग बरोबर असतील, तर सुरकुतीचा छायाचित्रावर काहीही परिणाम होत नाही. पडद्याचे काम प्रकाश अडवण्याचे आहे आणि सुरकुतलेला पत्राही तो अडवतो. किंमत कमी करून घ्यायला मात्र ही सुरकुती उपयोगी पडते.

पोलादी पडद्याची उलट बाजू हॅसलब्लाडमध्ये दिसते. १९४८ च्या १६००एफ या कॅमेऱ्यात स्टेनलेस स्टीलचा पडदा होता आणि तो १/१६०० सेकंदाचा वेग देत असे. मोठ्या आकाराच्या फिल्मसाठी मोठा पडदा इतक्या वेगात धाववणे विश्वासार्ह ठरले नाही. १९५७ मध्ये कंपनीने ५००सी हा कॅमेरा काढला आणि त्यात लेन्समधल्या पात्यांच्या शटरचा मार्ग धरला.

टायटॅनियमभोवती तर एक वलयच आहे. निकॉन एफ (१९५९) मध्ये, अगदी सुरुवातीचे थोडे नग सोडता, टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे पडदे आहेत. पुढे एफ-२ आणि एफ-३ मध्येही तेच राहिले. हा धातू हलका, मजबूत आणि न गंजणारा आहे, यात शंका नाही. तरी बोटाच्या दाबाने तोही चेपतो. निकॉन एफएम-२ (१९८२) मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली टायटॅनियमची पाती होती आणि १/४००० सेकंदाचा वेग त्यांच्यामुळेच मिळतो असे मानले गेले. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच मालिकेत ॲल्युमिनियमची साधी पाती आली आणि वेग १/४००० च राहिला. नक्षीच्या पात्यांना संग्राहक आजही जास्त पैसे मोजतात. ती किंमत देखणेपणाची आणि दुर्मिळतेची आहे, फोटोच्या दर्जाची नाही.

वेगाबद्दलचा गोंधळ समजून घ्यायचा तर पडद्याची चाल नीट पाहायला हवी. १/१००० वर पडदा १/१२५ पेक्षा जास्त जोरात धावतो, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. पडद्याची गती प्रत्येक वेळी जवळपास तीच असते. बदलते ती दोन पडद्यांमधली फट. ३५ मिमीच्या आडव्या पडद्याला चौकटीची ३६ मिमी रुंदी पार करायला सेकंदाचा सुमारे साठावा ते ऐंशीवा भाग लागतो. १/१००० वर दुसरा पडदा पहिल्याच्या इतका लगोलग निघतो की फिल्मवरून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट सरकत जाते. त्यामुळे चित्राचा एक भाग आधी टिपला जातो, दुसरा किंचित नंतर. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग याच्या प्रसिद्ध शर्यतीच्या छायाचित्रात मोटारीचे चाक पुढे कललेले आणि प्रेक्षक मागे झुकलेले दिसतात, ते याच फटीमुळे.

फ्लॅश लावायचा तर एका क्षणी पूर्ण चौकट उघडी असावी लागते. ती ज्या सर्वांत जलद वेगाला उघडी मिळते, त्याला सिंक वेग म्हणतात. धातूच्या पडद्याने सिंक वेग वाढतो, हा समज निकॉन एफ एकटाच खोडून काढतो: पडदा टायटॅनियमचा, पण सिंक वेग १/६०. कापडी पडद्याच्या पेंटॅक्स के-१००० चाही १/६० च. टायटॅनियमचाच निकॉन एफ-३ १/८० पर्यंत पोहोचतो. कारण सरळ आहे. हे सगळे पडदे आडवे धावतात आणि त्यांना ३६ मिमी अंतर कापावे लागते. १९६० च्या दशकात कोपाल स्क्वेअर हे उभे धावणारे, पात्यांचे शटर आले. त्याला २४ मिमीच पार करायचे असल्याने सिंक १/१२५ झाला. निककोरेक्स एफ आणि निककोरमॅट यांच्यात हेच शटर होते. फरक मुख्यतः दिशेमुळे आणि अंतरामुळे पडला. या उभ्या शटरची पाती धातूची होती, एवढ्यापुरताच धातूचा यात वाटा.

एका बाबतीत मात्र पदार्थाने खरोखर फरक पडतो: उन्हात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. लेन्स अनंतावर लावलेली, छिद्र पूर्ण उघडे आणि सूर्य समोर, अशा स्थितीत कॅमेरा क्षणभर राहिला तरी कापडी पडद्याला जळून छिद्र पडू शकते. भिंगाने कागद पेटतो तीच ही क्रिया. धातूच्या पडद्याला हा धोका पुष्कळ कमी. एसएलआरमध्ये आरसा मध्ये असल्याने कापडही सुरक्षित राहते, मात्र आरसा वर अडकवून ठेवला की धोका परत येतो. लायका, झॉर्की किंवा फेड यांसारखे कापडी पडद्याचे रेंजफाइंडर वापरताना लेन्सवर झाकण ठेवण्याची सवय म्हणूनच मोलाची आहे.

छायाचित्रावर उजेडाचा डाग दिसला की दोष थेट पडद्याला दिला जातो, तेही तपासून पाहायला हवे. पाठीच्या झाकणाभोवतालचा फोम कुजला असेल तर उजेडाचे पट्टे सहसा बिजागरीच्या किंवा कडेच्या बाजूने येतात. पडद्यातले छिद्र छापलेल्या चित्रावर ठिपक्यासारखे उमटते. १/१००० वर चौकटीची एक बाजू काळवंडत असेल, तर दोन पडद्यांच्या स्प्रिंगांचा ताण जुळत नसतो. यात कापडाचा वा धातूचा दोष नाही. कमी वेग लांबत किंवा अडकत असतील, तर दंतचक्रांतले तेल वाळलेले असते.

पडदा तपासायला अंधारी खोली आणि लहान टॉर्च पुरते. फिल्म नसलेल्या रेंजफाइंडरची लेन्स काढून पाठ उघडावी, पुढून टॉर्च धरावी आणि मागून बघावे. शटर न भरता (म्हणजे त्याची स्प्रिंग न ताणता) एक पडदा तपासला जातो आणि भरल्यावर दुसरा, म्हणून दोन्ही वेळा बघणे आवश्यक आहे. एसएलआरमध्ये आरसा वर ठेवण्याची सोय नसेल, तर एक रोल काढून पाहणे हीच खरी परीक्षा.

दुरुस्तीतही धातू वरचढ ठरतोच असे नाही. कापडी पडद्याच्या जागी नवा पडदा शिवता-चिकटवता येतो. जाणकार कारागीर असले काम आजही करतात. धातूची पाती खराब झाली तर बहुधा त्याच जातीचा दुसरा कॅमेरा मोडावा लागतो. छिद्रांवर काळा रंग किंवा द्रव रबर लावण्याचा उपाय तात्पुरता असतो, कारण जाड झालेला पडदा रुळावर वेगळ्या रीतीने गुंडाळला जातो आणि वेग बिघडतात. चक्रे साफ करायला वापरले जाणारे पेट्रोलजन्य द्रावक कापडी पडद्यावर सांडू देऊ नयेत. त्यांनी रबर फुगते. धातूच्या पात्यांना तेलाचा अंश लागला तर ती एकमेकींना चिकटतात, आणि १९८०-९० च्या दशकांतल्या काही कॅनन ईओएस फिल्म कॅमेऱ्यांत पात्यांना थोपवणारा फोम वितळून नेमके हेच घडते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याची पिशवी ओलावा धरून ठेवते. कॅमेरा तिच्याबाहेर, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवलेला बरा. साठवणीत शटर भरून ठेवू नये आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्या वेगांवर काही वेळा चालवावे. झॉर्की, फेड आणि कीव्ह यांच्यात वेगाची तबकडी फिल्म पुढे सरकवून शटर भरल्यावरच फिरवावी. आधी फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते.