घरचे इंटरनेट मधूनमधून का तुटते? दोष शोधण्याची रीत



शेतकी विभागाच्या या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी व किडी यांविषयी लिहितो. या वेळी घरच्या इंटरनेटविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पेठ, करंजाळीकडे राहणारे व दिंडोरीच्या बाजूस ऊस असणारे आपले सभासद भेटले, की हुमणीच्या खालोखाल एकच तक्रार ऐकू येते : "साहेब, नेट येतंय-जातंय."

ही तक्रार करमणुकीपुरती राहिलेली नाही. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबारा, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, बँकेचे काम, पोरांचा अभ्यास, सगळे या तारेवर आले. अर्ज अर्धा भरावा, ओटीपी यावा आणि नेमके तेव्हाच नेट जावे, हा अनुभव पुष्कळांना आहे. शेवटच्या तारखेला असे झाले तर वर्ष वाया जाते. यास्तव हा विषय घेतला आहे.

आधी नोंद, मग दुरुस्ती

पूर्ण बंद पडलेले नेट दुरुस्त करणे सोपे. येणारे-जाणारे अवघड, कारण लाइनमन दारात येतो तेव्हा ते बरोबर चालू असते. तो म्हणतो, "चालतंय की!" आणि निघून जातो. मग आपण चिडतो आणि नवीन राऊटर आणतो.

उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. केवडा आहे, पाणी साचले आहे की मुळाशी हुमणी आहे, हे अगोदर पाहतो. इथेही तेच करावे. एक साधी वही करावी व सात दिवस लिहावे : तारीख, वेळ, किती मिनिटे गेले, त्या वेळी डबीवरील कोणते दिवे लागले होते, घरात वीज होती का, पाऊस-वारा होता का. एवढ्या नोंदीवरून बहुतेक वेळा दोषाची जागा कळते.

करंजाळी बाजूच्या एका सभासदाने दोन महिन्यांत दोन राऊटर बदलले होते. वही ठेवल्यावर दिसले, की नेट रोज संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास जाते आणि त्या वेळी डबीचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागतात. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर घरगुती पिठाची गिरणी चालत होती व बोर्डाची खाच ढिली झाली होती. डबीला वेगळा प्लग दिला आणि तक्रार मिटली. दोन्ही जुने राऊटर चांगलेच होते.

दिवे काय सांगतात?

ठिबकला पाणी कमी आले तर आपण पंप, फिल्टर, सबमेन, लॅटरल असे क्रमाने पाहतो. नेटचीही अशीच साखळी आहे : घरची वीज, अडॅप्टर, फायबरची डबी, दारापर्यंत आलेली केबल, खांबावरील जोड, एक्स्चेंज, आणि तेथून पुढची मुख्य लाइन. घरात या डबीपासून मोबाईलपर्यंतचे अंतर वायफाय हवेतून कापते. नेट गेल्याबरोबर डबी बंद-चालू करू नये. अगोदर दिवे पाहावेत.

1) सर्व दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर दोष विजेचा. प्लग, बोर्ड व अडॅप्टर तपासावा.

2) 'एलओएस' अक्षरांचा दिवा लाल झाला, तर बाहेरून प्रकाश पोचत नाही. दोष केबलीत, जोडात किंवा त्याही पुढे आहे. राऊटर बदलून काही होणार नाही.

3) 'पॉन' दिवा स्थिर आहे, लाल दिवा नाही, तरी इंटरनेटचा दिवा नाही. बहुधा दोष कंपनीकडील पुढच्या यंत्रणेत किंवा आपल्या खात्याच्या जोडणीत असतो.

4) सगळे दिवे ठीक आणि तरी मोबाईल चालत नाही. मग संशय वायफायवर. खात्रीसाठी संगणक थेट केबलीने डबीला जोडावा. केबलीने चालले तर बाहेरची लाइन निर्दोष समजावी.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस थांबावे. प्लग, केबल, राऊटर एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते समजत नाही. पुन्हा बिघडले की परत पहिल्यापासून सुरुवात!

विजेचे झटके

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांची घरे काही ठिकाणी शेतीपंपाच्या वाहिनीवर असतात. थ्री फेज येताना-जाताना विजेला झटका बसतो. बल्ब क्षणभर लुकलुकतो, पण डबी मात्र बंद पडते आणि पुन्हा सुरू होऊन जोडणी व्हायला दोन-तीन मिनिटे घेते. अशा घरी डबीपुरता लहान यूपीएस बसवावा. तो घेताना जुन्या अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअरचे आकडे लिहून न्यावेत. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढावा. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही, परंतु काही केबलींना आधारासाठी लोखंडी तार असते आणि घरचे वायरिंग तर असतेच.

पावसाळा, वाकण आणि जोड

पेठ तालुका भात-नागलीचा, घाटमाथ्याच्या पावसाचा. सावळघाट, कोटंबी घाट या रस्त्यांवर पावसाळ्यात झाड पडले, दरड आली किंवा खोदकाम झाले, की बाजूची तारही सापडते. म्हणून नेट गेले तर प्रथम शेजाऱ्याला विचारावे. सगळ्या गल्लीचे गेले असेल तर आपली डबी उघडण्यात अर्थ नाही.

फक्त आपलेच जात असेल, तर केबल डोळ्यांनी पाहावी. फायबरमधून प्रकाश जातो. ती काटकोनात मुडपली की प्रकाश बाहेर सांडतो. खिळ्याला आवळून बांधलेली, खिडकीच्या झडपेत चेपलेली, उंदराने कुरतडलेली केबल हे नेहमीचे दोष आहेत. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नसावे.

पावसात जाते आणि ऊन पडले की येते, असे वहीत दिसले तर खांबावरील जोडात पाणी शिरत असण्याचा संभव मोठा. लाइनमनला मीटरने 'पॉवर' मोजायला सांगावे व आकडा लिहून घ्यावा. हा आकडा उणे असतो. सर्वसाधारण घरगुती डबीला उणे 8 ते उणे 27 या दरम्यान प्रकाश लागतो. उणे 20 असेल तर उत्तम, उणे 26-27 असेल तर कडेलोटावर आहे असे समजावे. तीनने आकडा घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. काठावरची लाइन कोरड्या दिवशी चालते आणि ओल्या दिवशी पडते, त्याचे कारण हेच.

एक सक्त सूचना : फायबरचे टोक डोळ्यांसमोर धरू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्याला अपाय करू शकतो. टोक काढून सदऱ्याला पुसणे हेही टाळावे. धुळीचा एक कण पुरतो.

ज्यांच्याकडे अजून जुनी तांब्याची तार आहे त्यांनी फोनचा रिसीव्हर कानाला लावावा. खरखर ऐकू आली तर जोड ओला आहे. घंटा वाजली की नेट तुटत असेल तर फोन व मोडेम वेगळे करणारी छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, तपासावी.

घरातले वायफाय

पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट, फ्रीज व पाण्याची टाकी वायफाय अडवतात. राऊटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. बऱ्याच राऊटरना दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झचा लांब जातो पण त्यात गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जाड भिंतीपुढे थकतो. मायक्रोवेव्ह शेगडी 2.4 च्याच आसपास चालते, तेव्हा ती लावली की नेट जाते का तेही पाहावे. शेजारी-शेजारी घरे असतील तर 2.4 साठी 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळे चॅनेल निवडावे.

तक्रार कशी करावी?

"नेट चालत नाही" एवढे सांगू नये. "सात दिवसांत अकरा वेळा गेले, नऊ वेळा लाल दिवा होता, त्यांतील आठ वेळा पाऊस होता" असे सांगावे. मग लाइनमनला घरात न शिरता सरळ खांबावर चढता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळाला पाहिजे. तो वहीत लिहावा. मुदतीत काम झाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्या वेळी हीच वही पुरावा ठरते.

आपली जबाबदारी

गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट नाव मिळाले. पुष्कळ ठिकाणी ही लाइन एका रेषेत पुढे गेली. मध्ये एक तुकडा तुटला, की पलीकडची सारी गावे बंद. म्हणून 2023 च्या सुधारित योजनेत ती वर्तुळात जोडण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील.

पण तार तोडतो कोण? पुष्कळदा आपणच! पाइपलाइन, चर, शेतरस्ता यांसाठी जेसीबी लावतो आणि रस्त्याकडेची फायबर उचकटतो. मार्च 2023 मध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाईल ॲप सुरू केले आहे. त्यावर खोदाईची जागा आधी कळवता येते. ते जमत नसेल तर निदान रस्त्याकडेचे खुणेचे दगड पाहून, ग्रामपंचायतीत विचारूनच बकेट लावावी. आपल्या चारीपायी दहा गावांच्या पोरांचा अभ्यास थांबू नये.

तरी सर्व सभासदांनी आजच वही आखावी. सात दिवसांच्या नोंदीनंतरही उलगडा झाला नाही, तर ती वही घेऊन गट ऑफिसात यावे. आमचे चिटबॉय व शेतकी कर्मचारी ती आपल्याबरोबर वाचतील. नवीन राऊटर मात्र त्याआधी घेऊ नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी